बोटाला लावायचं मशीन

आखातात, अल नस्र भागातल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन घानाचा होता. माझी मुलगी इंग्रजीतच बोलायची. लिफ्टचं दार धरून तो मात्र तिला रोज मराठीत "चला, चला" म्हणायचा.

पुढे त्याला दम लागू लागला. दार धरताना तो दुसरा हात भिंतीला टेकवायचा. क्लिनिकमध्ये दाखवलं का, मी विचारलं.

"बोटाला मशीन लावलं. ऑक्सिजन ठीक आहे म्हणाले आणि ड्यूटीवर पाठवलं. मशीनपुढे मी खोटा पडलो, सर."

आठवड्याभरात तो वारला. काळ्या कातडीवर ते मशीन कधीकधी आकडा जास्त दाखवतं, हे मला नंतर कळलं.

परवा खोकला झाला म्हणून त्याच क्लिनिकमध्ये गेलो. आकडा चांगला आला, तरी डॉक्टरांनी छाती-पाठ नीट तपासली.

"नुसत्या मशीनवर विसंबून चालत नाही," ते म्हणाले.