खळ्यात वाळत ठेवलेला मीटर

मे महिना संपत आला होता. दादाला दुसऱ्या दिवशी मालवणहून मोसमातली शेवटची आगबोट पकडायची होती, त्यासाठी त्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने निघायचं होतं. मुंबईला पोचला की जहाजावर चढणार, मग वर्षभर समुद्र. आईच्या छातीत खोकला बसलेला. वैद्यांनी बजावून ठेवलं होतं, "वारो लागूक देऊ नको." परत येईन तेव्हा ही असेल का, हे दादा तोंडाने बोलत नव्हता. पण तिचा एकही फोटो नाही, हे मात्र सारखं बोलत होता.

कॅमेरा त्याने परदेशातून आणला होता. रोलात दोनच फोटो उरले होते. कॅमेऱ्याबरोबर उजेड मोजायचा एक मीटरही होता, तळहाताएवढा. त्याच्या काचेमागे सेलेनियमची चकती. तिच्यावर उजेड पडला की वीज तयार होते आणि काटा हलतो. उजेड जास्त तर वीज जास्त. "हेका बॅटरी नाय," दादा म्हणाला होता. "उजेड ह्याच ह्येचा जेवाण."

मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. तरीही त्या सकाळी मी काय केलं? पावसाळ्याच्या बेगमीसाठी आमचं घरापुढचं खळं कोकमाच्या सोलांनी भरलं होतं. गाद्या, मिरच्या, सुके बांगडे, जे काही होतं ते उन्हात होतं. आईची खोली अंधारी. कौलांत एकच काचेचं कौल. तिथे काट्याला बळ कुठून मिळणार? म्हणून मी मीटर कठड्यावर सोलांशेजारी उताणा ठेवला. पोटभर ऊन खाऊ दे, म्हटलं. वर्गात मीच सांगितलं असतं की ही चकती काही साठवत नाही. पण त्या दिवसांत आमच्याकडे सगळ्याच गोष्टी ऊन दाखवून साठवायच्या असतात, आणि हात डोक्याला विचारत नाही.

दुपारी आईला उशा लावून बसवलं. मी तिच्या तोंडाशी मीटर धरला. काटा जेमतेम उठला.

"अर्धो सेकंद लागतलो," मी सांगितलं.

दादाने कॅमेरा ट्रंकेवर टेकवला. "आये, हलू नको हां. खोकू नको."

"माका सांग, खोकल्याक कोण सांगतलो?" आई म्हणाली.

खटका दाबला, झडप उघडली, आणि मिटायच्या आत तिने मान वळवून दादाकडे पाहिलं. अर्ध्या सेकंदात माणसाचा चेहरा किती हलतो, ते मला दिसलं. "फोटो इलो असतलो," दादा म्हणाला आणि सामान बांधायला गेला.

मी मीटर हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने, उगाचच, पुन्हा त्याच जागी धरला. ऊन कौलावरून सरकलं होतं, खोली आणखी काळवंडली होती. आणि काटा मघापेक्षा वर होता.

उजेड कमी, काटा जास्त. म्हणजे मघाचा आकडा खोटा. सकाळभरच्या कडक उन्हाने चकती थकून कमी दाखवत होती, आणि आता सावलीत सावरत होती. अर्ध्या सेकंदाची गरजच नव्हती. जास्तीचा उजेड नि हललेली मान, फोटो पुसट येणार.

बाहेर दादा चपला घालत होता. गप्प राहिलो तर कुणाला कळणार नव्हतं. रोल मुंबईत धुतला जाणार. तरी मी सांगितलं.

"उन्हात? सोलांवांगडा?" तो माझ्याकडे बघत राहिला. "मास्तर ना रे तू! मीठ लावलंस की नाय?"

मग त्याचं हसू विरलं. एस.टी.ची वेळ होत आली होती. "एक फोटो आसा. चल, आयेक भायर हाडूया. भायर मीटर नको नि काय नको."

"वैद्यांनी..."

"एक मिनिट रे."

मी त्याला अडवलं नाही. चूक माझी होती, तोंड कुठून उघडणार? दोघांनी तिला खुर्चीसकट उचलून खळ्यात ठेवलं. "माका खंय व्हरतास रे? मेलंय काय मी?" ती ओरडली. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले. खटका वाजला. दादा तिच्या पाया पडला आणि धावतच गेला.

तिला आत नेलं तेव्हा ती कापत होती. संध्याकाळी अंग तापलं. मृग लागायच्या आधी ती गेली. दादा तेव्हा समुद्रावर होता. ती तापाने गेली, एवढंच मी त्याला कळवलं. ताप कोणत्या दिवशी चढला, ते कळवलं नाही. कदाचित ती तशीही गेली असती. वैद्य तसंच म्हणाले. मी त्यांना खळ्याचं काही सांगितलं नव्हतं.

पहिल्या फोटोत उशांवर एक पांढरा डाग आहे. दुसऱ्यात आई लख्ख दिसते. पाहुणे आले की दादा तो भिंतीवरून उतरवून दाखवतो, माझ्या पाठीवर थाप मारतो. "ह्येना त्या दिवशी खरा सांगल्यान, म्हणान आवस माका दिसता."

त्या थापेखाली मी दरवेळी बोलायचं ठरवतो आणि बोलत नाही. तो आईचे डोळे बघतो. मला बघवत नाही तो तिचा पदर. खाडीकडून वारा होता त्या दुपारी. पदराचं टोक खांद्यावरून उडालेलं फोटोत स्पष्ट आलं आहे.