मदत करणारा पाय

सुकतळा बिघडतो तो कापताना नाही, साचा घेताना, असं पायवाल्याचं ठाम म्हणणं. पाऊल वाकडं धरलं की साचा वाकडा, मग पुढं कानस घासून घासून हात झिजवा, चूक काही निघत नाही. ज्यांच्या टाचा ठणकतात, पावलांच्या कमानी बसल्यात, अशांच्या बुटात घालायचे सुकतळे तो सत्तावीस वर्षं बनवत होता. माणसाला टेबलावर पालथं घालायचं, पावलं काठाबाहेर लोंबू द्यायची, वर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. मग डाव्या हाताच्या चिमटीत घोट्याचं हाड चाचपत, उजव्या अंगठ्यानं पायाच्या करंगळीच्या मुळाशी पाऊल हळूच नडगीकडं रेटायचं. हाड दोन्ही बोटांना सारखं लागलं की थांबायचं. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत श्वाससुद्धा जपून.

"पाय सैल सोडा," तो सांगायचा. "आपला नाही, शेजाऱ्याचा आहे समजा."

लोक हसायचे, आणि हसता हसता पाय सुटायचा. एकाच माणसाचा कधी सुटला नाही. त्याच्या थोरल्या बहिणीचा.

आई गेली तेव्हा थोरली तेरा वर्षांची, हा तीन. तिनं त्याला कडेवर वाढवलं, आणि पुढं लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून, तो कामाला लागेपर्यंत त्याला शिकवलं. एकतीस वर्षं कडक फरशीवर उभी. कमानी बसल्या, ओल्या पावलाचा ठसा फळीसारखा सपाट उमटायला लागला. "भाऊ पायांचा कारागीर आणि बहीण लंगडतेय," लाँड्रीवाला म्हणायचा. "दिव्याखाली अंधार तो हाच!"

ती टेबलावर पालथी पडली, यानं बोट लावलं, की पाऊल आपोआप वर यायचं. घोट्यापुढची शीर ताणलेल्या दोरीसारखी टरारून उठायची.

"ताई, सोड."

"सोडलाय की."

"हा सोडलेला? शीर बघ केवढी ताठलीय."

"अरे बारक्या, तुला रेटावं लागतंय ना, म्हणून जरा उचलून धरला. तेवढाच तुझा भार कमी."

"मदत करू नकोस गं बाई! तू उचललंस की अंगठ्याची बाजू वर येते. सुकतळ्याची कमान उंच होते आणि तुला टोचते."

"बरं, नाही करत," म्हणायची आणि पुन्हा उचलायची. तीनदा साचे घेतले, तीन जोड केले. दर खेपेला ती सांगायची, झकास झालेत.

एक दिवस तो न सांगता लाँड्रीत गेला. थोरली चपलांत जुन्या उशीच्या अभ्र्याच्या घड्या घालून उभी होती. तिन्ही जोड टेबलाखाली, खळीच्या डब्यामागं, कोरे करकरीत. सगळ्यांदेखत तो तडकला. "तुला जन्मात सैल पडता येणार नाही! पाय सोडायला शीक, मग ये. तोवर मी साचा घेणार नाही."

थोरली हसली. "बरं बाबा, शिकते," म्हणाली, आणि पुढचा सदरा ओढला.

तो गेला नाही, ती आली नाही. तीन आठवड्यांनी लाँड्रीवाल्याचा फोन आला. इस्त्री करता करताच कोसळली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

दवाखान्याच्या जिन्यात लाँड्रीवाला भेटला. त्यानं न विचारताच सांगितलं. "रोज दुपारी धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर पालथी पडायची. पावलं बाहेर काढून मला विचारायची, बघा हो, सुटला का? मी म्हणायचो, मला काय कळतंय त्यातलं. तर म्हणायची, परवापर्यंत जमेल. मग बारक्याकडं जाते."

 पायवाला वर गेला.

डॉक्टरांनी सांगितलं, उजवं पाऊल लोंबून आखडेल, ते काटकोनात धरणारी स्प्लिंट लागेल. ती करायची तर साचा हवा. त्यानं खाटेशी बादली ठेवली, पट्ट्या भिजवल्या, गुंडाळल्या, आणि हाताखाली पाऊल येताच सवयीनं बोलून गेला, "ताई, सैल सोड."

पाऊल ओल्या फडक्यासारखं हातात पडलेलं. शीर नाही, ताण नाही. जसं रेटलं तसं वळलं, जिथं ठेवलं तिथं राहिलं. असं पाऊल त्यानं सत्तावीस वर्षांत हातात धरलं नव्हतं.

"असं नको गं," तो म्हणाला. "मदत कर. थोडी तरी कर."

थोरलीनं डोळे त्याच्याकडं वळवले. उजवा पाय ढिम्म. पण पलीकडं चादर हलली. डावं पाऊल, धड असलेलं, हळूहळू वर आलं, आणि चवडा उचलून, शीर ताठ करून तसंच राहिलं. थरथरत होतं, पण खाली येत नव्हतं.

पायवाल्याचं नाक गळायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. प्लॅस्टर अजून ओलं होतं, आणि आत्ता हात काढला असता तर साचा वाकडा झाला असता.