शरणअण्णा ‘चालेल’ म्हणाले होते

शरणबसव उंबरजे या माणसावर कुणी काही लिहावं असं त्यांनी केलंय तरी काय, हे विचारणारे पहिले ते स्वतःच असतील. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चाळीस वर्षं डिझाइन काढली, बस्स. पण तुमच्या घरात मोराचा, हत्तीचा किंवा नुसत्या मोगऱ्याच्या कळ्यांचा जाड टॉवेल असेल, तर तो त्यांच्या हातचा असण्याची बरीच शक्यता आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याच कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. माझं नाव प्रभु. शरणअण्णांपेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. मी त्यांचा अपराधी आहे, आणि ते एकदा धड लिहून काढायचंय.

अण्णा सतराव्या वर्षी कारखान्यात आले. तेव्हा डिझाइन मोठ्या ग्राफ पेपरवर काढायचे. एकेक चौकोन ब्रशने भरायचा, चौकोन म्हणजे धागा. एक मोर भरायला अठरा दिवस लागायचे आणि एखादा चौकोन चुकला तर मोराच्या गळ्यात गाठ दिसायची. पुढे मोठ्या मालकांनी लॅपटॉप आणला आणि त्यात डिझाइनचं सॉफ्टवेअर. अण्णा तेव्हा पस्तिशीचे. पहिले आठ दिवस त्यांनी मशीनला नुसता नमस्कार केला, हात लावला नाही. नवव्या दिवशी लावला तो कायमचा. पुढं दोनदा लॅपटॉप बदलला, सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने दर वेळी तेच नव्यात बसवून दिलं.

फायलींना नावं द्यायची त्यांची तऱ्हा वेगळी. नंबरबिंबर नाही. ‘मावशीचा मोर’, ‘हत्ती, रागावलेला’, ‘मोगरा बिगरपानाचा’. परदेशातून ऑर्डर आली की आम्ही इंग्रजी कोड शोधत बसायचो आणि अण्णा लांबूनच सांगायचे, “अरे, तो बिगरपानाचा मोगरा रे.” अकराशेच्या वर डिझाइन होती, ग्राफ पेपरवरची जुनीसुद्धा त्यात चढवून कागद रद्दीत गेलेले. ती फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. सॉफ्टवेअर त्या मशीनला बांधलेलं, पेनड्राइव्हसारखी एक किल्ली खोचल्याशिवाय न उघडणारं, आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. थोडक्यात, अण्णांची चाळीस वर्षं एका म्हाताऱ्या लॅपटॉपात होती, आणि त्याचं झाकण रबर लावून बंद करावं लागायचं.

मोठे मालक थकले, मुलगा शिवराज कारभार बघू लागला. मुलगा वाईट नाही. पण नव्या वस्तूची बातमी आली की त्याला ताप चढतो. त्या वर्षी बातमी आली ती त्याच्या लाडक्या लॅपटॉप कंपनीची. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. आमचा जुना लॅपटॉपही त्यांचाच. कंपनी म्हणे आता दुसऱ्याचा प्रोसेसर घेणं सोडणार, स्वतःचाच घालणार. दोन महिने आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी दुसरा विषय नव्हता.

एका बाजूला शिवराज. दुसऱ्या बाजूला अजिनाथ, आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सांगोल्याकडचा, तोंडाने फटकळ.

“अर्ध्या बोटाएवढा जाड असणार,” शिवराज मोबाइलवरचं चित्र दाखवत म्हणायचा. “चार्जिंग दिवसभर पुरणार. पंखाच नाही आत, आवाज शून्य.”

“आन भोकं किती?” अजिनाथ विचारायचा.

“दोन.”

“दोन भोकं! पेनड्राइव्ह कुटं घालायचा, तुमच्या त्या डिझाइनची किल्ली कुटं घालायची? बॅटरी चिकटवल्याली, मेमरी झाळल्याली. उद्या बिघाडलं तर मी काय आरती करू का त्याची?”

“अडॅप्टर मिळतो अजिनाथ.”

“भोकाचं जाऊ द्या. प्रोसेसर बदलालेत ते बघा. जुनं सॉफ्टवेअर त्यावर न्हाय चालायचं. तुमच्याच भाषेत सांगतो. उद्या मागावरचं जॅकार्ड बदललं आन जुनी पंच कार्डं त्यात बसंनात, तर काय कराल? कार्डं हायत, माग हाय, पन इणणार काय?”

जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र, पंच कार्डं म्हणजे त्याला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे. इतकं सोपं करून सांगितलं होतं. मला कळलं होतं, शिवराजलाही कळलं होतं. वादात हरायचं नाही म्हणून तो म्हणायचा, “कंपनी काही तरी सोय करणारच की.” अण्णा मात्र या वादात नसायचे. ते चहा बशीत ओतून प्यायचे आणि परत आपल्या खुर्चीवर. अजिनाथ त्यांना एकदा म्हणालाही, “अण्णा, तुमी बोला की कायतरी, तुमचंच काम हाय.” अण्णा हसले. मालकांसमोर मत मांडायची त्यांना सवयच नव्हती.

शेवटी लॅपटॉप बाजारात आला. दुकानदाराने जुना द्या, नवा घ्या अशी योजना काढली, शनिवारपर्यंतच. अजिनाथ नेमका भावाच्या लग्नाला गावी गेलेला. शिवराजने मला बोलावलं. त्याची बाजू घेऊन सांगतो, त्याने प्रश्न बरोबर विचारला होता.

“प्रभुअण्णा, जरा शरणअण्णांना विचारून या. नव्यावर त्यांचं सॉफ्टवेअर चालेल का? नसेल चालणार तर आपण जुना द्यायला नको.”

मी निघालो. त्या दिवशी कंटेनर लागलेला, बारा पेट्या कमी पडत होत्या, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. अण्णा मागांच्या शेडमध्ये नमुना बघत उभे होते. शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्याचं ऐकू येत नाही, आम्ही ओठ आणि हात बघून बोलतो. मी लांबूनच ओरडलो, “नवा लॅपटॉप घेऊलालेत. चालेल ना?”

अण्णांनी हात हलवला. “चालेल की. नडीतद!”

मी परत फिरलो. दारातूनच शिवराजला सांगितलं, “चालेल म्हणाले.” आणि पेट्या मोजायला पळालो.

आता या शब्दाकडे बघा. चहात साखर कमी आहे, चालेल? चालेल. लग्न अक्कलकोटला ठेवलंय, चालेल? चालेल. मशीन चालेल तेही चालेल आणि माझी हरकत नाही तेही चालेल. आमच्या घरात कानडी, तिथंही सुटका नाही, ‘नडीतद’ म्हणजे तेच दोन्ही. अण्णांना मी जे विचारलं त्याचा अर्थ त्यांनी एवढाच घेतला की, मालक नवीन वस्तू घेतायत, तुमची काही हरकत? आणि त्यांची मालकाच्या कुठल्याच गोष्टीला कधी हरकत नसायची. शिवराजने दुसरा अर्थ घेतला. ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द मधल्या साठ पावलांत मी खाल्ला.

सोमवारी अण्णा आले तर टेबलावर पाटीसारखा बारीक लॅपटॉप. फायली शिवराजने स्वतः नव्यात भरलेल्या. अकराशे नावं ओळीने दिसत होती, मावशीचा मोर, रागावलेला हत्ती. एकही उघडेना. किल्लीला अडॅप्टर लावला, तरी नाही. अजिनाथ गावाहून आला, त्याने बघितलं आणि डोक्याला हात लावला. दुकानाकडे धावला, तर दुकानदाराने जुनं मशीन पुसून पुढे पाठवलेलं. अजिनाथने आठ दिवस पुण्याहून, हैदराबादहून जुनी मशीन मागवली, पण बांधलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या मशीनवर उठेना.

मग ऑफिसात तो प्रसंग झाला. आम्ही पाच जण होतो. शिवराजचा आवाज चढलेला, कारण बिगरपानाच्या मोगऱ्याची ऑर्डर डोक्यावर होती.

“अण्णा, तुम्हीच चालेल म्हणालात ना? मी विचारूनच घेतला.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आरोप म्हणून नव्हे, आठवण करून दे म्हणून. मला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. मी हातातल्या पेटीच्या चिठ्ठ्या सारख्या केल्या आणि खाली बघितलं. का? भीती वाटली म्हणून. दुसरं काही कारण शोधून सजवत बसत नाही.

“म्हणालो असेन,” अण्णा म्हणाले.

त्यानंतर डिझाइन बाहेरून यायला लागली आणि अण्णांना तपासणीच्या टेबलावर बसवलं, टॉवेलचे सुटलेले धागे कापायला. तेही त्यांनी तक्रार न करता केलं. मला वाटलं, झालं, महिन्याभरात निवळेल. पण निवळत नव्हतं, वेगळंच काही चाललेलं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. “प्रभु, मी खरंच म्हणालो होतो का रे, सॉफ्टवेअर चालेल म्हणून? मला तर अजिनाथचं सगळं ऐकून ठाऊक होतं, न्हाय चालणार ते. मग मी असं कसं म्हणालो?”

मी म्हणालो, “चालेल म्हणाला होतात की अण्णा.”

शब्दाला शब्द खरा होता. याहून हलकट खरं मी आयुष्यात बोललेलो नाही.

अण्णांच्या वडिलांची, आप्पांची, शेवटची सहा वर्षं मी पाहिली होती. ते अण्णांनाच विचारायचे, “आपण कुणाकडं आलात?” अण्णा त्यांना रोज नव्याने आपलं नाव सांगायचे. त्यामुळे अण्णांच्या डोक्यात काय शिरलं असेल हे मला कळायला हवं होतं. त्यांनी स्कूटरची किल्ली बायकोकडे, काशम्मावैनींकडे, देऊन टाकली. टॉवेलचे धागे तीन-तीनदा मोजायला लागले. खिशात चिठ्ठ्या ठेवायला लागले, गॅस बंद केला, दाराला कडी लावली, असल्या. डॉक्टरकडेही जाऊन आले. डॉक्टरने घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर यांनी काट्यांच्या टोकांना पानं काढून दिली. डॉक्टर म्हणाला, तुम्हाला काहीही झालेलं नाही. अण्णांचा विश्वास बसला नाही. “धीर द्यायला म्हणतात रे ते,” मला म्हणाले, “आप्पांनापण आधी असंच म्हणाले होते.”

पुढे ते दोन दिवस कामावर आले नाहीत. रविवारी सकाळी मी घरी गेलो. काशम्मावैनी दारातच भेटल्या. डोळे सुजलेले.

“बरं झालं आलात भावजी. नोकरी सोडतो म्हणालेत. म्हणतात, माज्या हातून अजून काय वंगाळ व्हायच्या आत सोडतो. तुमी तरी समजावा. रोज उठून मला इचारतात, काल मी काय बोललो सांग.”

आत अण्णा खिडकीशी बसले होते. समोर वहीचा कागद. मला बघून त्यांनी तो झाकला नाही, उलट पुढे सरकवला. राजीनामा असेल असं मला वाटलं. पण ती चिठ्ठी होती, त्यांच्या सुरेख गोल अक्षरात: ‘प्रभुला नीट विचारणे. शेडमध्ये मी काय बोललो. तो खोटं बोलणार नाही.’

मी खालीच बसलो. आणि सांगून टाकलं. शिवराजने काय विचारायला पाठवलं होतं, मी काय ओरडलो, कुठला शब्द गाळला, ऑफिसात का गप्प बसलो, जेवणाच्या सुट्टीत काय बोललो. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून एका दमात सांगितलं. वैनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

अण्णांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. शिव्या देतील, हाकलतील, रडतील, मी सगळ्याची तयारी केली होती.

“म्हणजे तू सॉफ्टवेअरचं विचारलंच न्हवतंस?”

“नाही अण्णा.”

“म्हणजे मला जे आठवतंय तेच खरं?”

“तेच खरं.”

आणि तो माणूस हसला. माझ्या अपेक्षेत हे नव्हतं. चेहरा एकदम उघडला त्यांचा. ताडकन उठले, वैनींचे दोन्ही दंड धरले आणि कानडीतच ओरडले, “काशम्मा, मी विसरलो नव्हतो गं! माझं डोकं जागेवर आहे! आप्पांसारखं नाही झालं मला!” वैनी रडायला लागल्या आणि हे हसतायत, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसतायत. अकराशे डिझाइन गेली होती, खुर्ची गेली होती, पाच जणांत मान खाली गेली होती. त्यातलं काहीही परत मिळालेलं नव्हतं. आणि तरी इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलेलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, या दोन महिन्यांत मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं होतं.

मी म्हणालो, “उद्याच शिवराजला सगळं सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो.” सांगितलंही, तो भाग वेगळा. शिवराज म्हणाला, “आता सांगून डिझाइन परत येणार आहेत का?” पण राजीनामा काही आला नाही. अण्णा परत कामावर आले. गोदामातले जुने टॉवेल काढून, भिंग लावून, धागे मोजत ग्राफ पेपरवर नव्याने मोगरा भरतायत. आता एकदाच मोजतात.

पण त्या रविवारी हसू ओसरल्यावर ते पुन्हा खिडकीशी बसले. चष्मा पुसला, घातला. वैनी सवयीने म्हणाल्या, “भावजी, बसा, चहा टाकते.”

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “नको टाकू. त्याला जाऊ दे.”