गुऱ्हाळावरचा नाताळ

मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणाऱ्याकडे दुसरं काही नसलं तरी किस्से भरपूर साठतात. लहान मुलं चुकली की गप्प बसतात. मोठी माणसं चुकतात आणि वर आपल्यालाच समजावून सांगतात! हायस्कुलातून रिटायर झाल्यावर मी कुंडलमध्ये खताच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळचा क्लास सुरू केला, तेव्हापासून घरचा टीव्ही जवळपास बंदच आहे. तेवढी करमणूक क्लासातच होते.

आमच्या पुस्तकात एक धडा परदेशी सणांचा आहे. बँक, दवाखाना, रेल्वे स्टेशन हे धडे पटापट उरकतात. हा मात्र दसऱ्यानंतर सुरू झाला तो नाताळ आला तरी संपेना.

त्याचं कारण आमच्या क्लासातल्या सुमनआक्का. आक्कांचा ऊस आहे, स्वतःचं गुऱ्हाळ आहे आणि मुलगा अमेरिकेत आहे. सून तिकडचीच. नात मीरा सहा वर्षांची, तिला मराठी येत नाही. व्हिडिओ कॉलवर आक्का ‘जेवलीस का गं’ म्हणायच्या, मीरा हसायची आणि मग दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. नाताळच्या सुट्टीत ती पहिल्यांदाच कुंडलला येणार होती.

“तवर मला तिच्यासंगं बोलाया आलं पायजे बाई,” आक्कांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “न्हाईतर पोरगी यायची, बघायची आन् जायची.”

* * *

सुरुवात हॅलोविनपासून झाली. त्या दिवशी भुतं फिरतात असं तिकडे मानतात, म्हणून भोपळा कोरून, आत दिवा लावून दारात ठेवतात, असं मी सांगितलं. दाखवायला एक भोपळा नेला होता. सुरी आक्कांच्या हातात दिली, तर त्यांनी ती खाली ठेवली. अख्खा भोपळा बाईमाणसानं पहिल्यांदा कापायचा नसतो!

मग मिलिटरीतून रिटायर झालेले आमचे सुभेदार उठले आणि त्यांनी भोपळ्याचे नाक-डोळे एकदम शिस्तीत कोरले. निघालेला गर आक्कांनी पिशवीत भरला. दुसऱ्या दिवशी क्लासात सगळ्यांना घारगे.

घारगे खाताना आक्कांनी विचारलं, ही भुतं म्हणजे त्यांचीच गेलेली माणसं ना? मी म्हटलं, मूळ कल्पना तशीच आहे म्हणतात.

“आमी आमच्यास्नी खीर-वडं करून जेवाया बोलावतो,” आक्का म्हणाल्या. “आन् ही भोपळा दावून भ्या घालत्यात व्हय?”

मी पुढचं पान काढलं.

* * *

पुढचं पान थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे तिकडच्या आभार मानायच्या सणाचं. होमवर्क असा, की घरच्या एका माणसाचे इंग्रजीत आभार मानायचे.

सुभेदारांनी हुकूम तंतोतंत पाळला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन, ताठ उभं राहून ते बायकोला “थँक यू फॉर एव्हरीथिंग” म्हणाले. वहिनी तडक आत फोनाकडे गेल्या. थोड्या वेळात पुण्याहून मुलाचा फोन आला, की आबा, डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांगा, आईपासून लपवू नका. सुभेदारांनी परोपरीनं सांगितलं, पण दुपारी मुलगा गाडी घेऊन हजर! सांगलीला नेऊन कार्डिओग्राम काढला तेव्हा कुठे घरात चूल पेटली.

“बाई,” सुभेदार दुसऱ्या दिवशी म्हणाले, “म्होरचा होमवर्क लेखी द्या.”

* * *

मग सिक्रेट सांता. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची, देणाऱ्याचं नाव कुणालाही कळता कामा नये, असं मी पुन्हा पुन्हा बजावलं.

क्लासच्या नाताळ पार्टीला टेबलावर बघते तर स्टीलचे डबे आणि तांबे. प्रत्येकावर मशीननं कोरलेलं देणाऱ्याचं संपूर्ण नाव, गाव, आणि पुढे ‘यांजकडून सप्रेम भेट’! भांड्यांचं दुकान शकीलभाईंचं, आणि शकीलभाई आमच्याच क्लासातले. नावं त्यांनीच घातलेली.

मी कपाळाला हात लावला. शकीलभाईंनी माझी समजूत घातली.

“आवं बाई, बिननावाचा डबा घरात ठिवला तर लोक म्हणत्यात, कुणाच्या तरी लग्नातनं उचलून आणला.”

* * *

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं, आणि एका संध्याकाळी आक्का आल्या त्या वही न उघडताच बसल्या. मीरा यायला तयार नव्हती. सांता धुराड्यातून येतो, आणि आजीच्या घराला धुराडं नाही. मग तो तिला शोधणार कसा? आईबापांनी समजावून बघितलं, पण पोरगी रडून हटून बसली. शेवटी मुलगा म्हणाला, आता राहू दे, उन्हाळ्यात बघू.

“उन्हाळ्यात म्हंजे कवाच न्हाई,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, सांता दारातूनही येतो असं सांगून टाका. ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्याचा रिवाज आपल्या सोयीसाठी बदलायचा नसतो, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी आम्हाला गुऱ्हाळावर बोलावलं. आम्ही मागे उभे, आक्का पुढे, मीराला व्हिडिओ कॉल लावून. त्यांनी फोन हळूहळू वर नेला आणि गुऱ्हाळाचं उंच धुराडं दाखवलं.

“धिस चिमनी. लय बिग. सांता, नो प्रॉब्लेम.”

मीरानं धूर बघितला आणि विचारलं, खाली आग आहे, सांता भाजणार नाही का? मी उत्तर पुटपुटणार, तोवर आक्कांनी रसाच्या कढईखाली पेटलेल्या चुलाणाकडे एकदा बघून घेतलं.

“ट्वेंटी-फोर,” त्या म्हणाल्या. “फायर हॉलिडे.”

मीरानं बराच विचार केला आणि येईन म्हणून मान डोलावली.

* * *

चोवीस तारखेला भर हंगामात आक्कांचं गुऱ्हाळ थंड! गूळ करणारा गुळव्या घरी जाताना वाटेत भेटेल त्याला विचारत होता, की आक्कांचं कोण गेलं? दुपारी दोघं-तिघं सांत्वनालाही येऊन गेले.

“कुणी गेल्यालं न्हाई,” आक्का एकेकाला सांगत होत्या. “यायचं हाय.”

दुसऱ्या दिवशी, नाताळच्या सकाळी मीरा आजीचं बोट धरून गुऱ्हाळावर आली. मागून मुलगा, सून, आणि कुणी न बोलावता आमचा क्लास. चुलाणाच्या तोंडाशी, गार राखेवर, लाल रिबीन बांधलेला स्टीलचा डबा होता. मीरानं उघडला. आत रंगीत खडू आणि गुळाच्या वड्या.

वडी तोंडात टाकून तिनं डबा फिरवून बघितला आणि एका जागी थांबली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत तिनं आजीला विचारलं, हे काय लिहिलंय? मी वाकून बघितलं. ‘सांताक्लॉज, मु. पो. कुंडल, यांजकडून सप्रेम भेट.’

शकीलभाई धुराड्याकडे बघत होते.

आक्कांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचून दाखवलं. “सांताक्लॉज. कुंडल. विथ लव्ह.”

मीराचे डोळे मोठे झाले. सांताला मराठी येतं?

“लिटल लिटल,” आक्का म्हणाल्या. “सेम लाइक माय इंग्लिश.”