जळिताचा नंबर

कॉलेजात ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवणारे सर फळ्यावर नुसते चौकोन काढायचे. एका चौकोनातून दुसऱ्यात बाण, दुसऱ्यातून तिसऱ्यात. लीड टाइम, बफर, बॉटलनेक. मी बारामतीत शिकले आणि हे शब्द जपमाळ ओढावी तसे घोकून पास झाले. अर्थ कळायला मात्र इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात, शेतकी विभागात नोकरी लागावी लागली.

बॉटलनेक म्हणजे आमची गव्हाण, जिथं उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात ती जागा. शिवारात कितीही ऊस उभा असू दे, गव्हाण गिळेल तेवढाच कारखाना चालणार. ऊस तोडून ठेवावा म्हटलं तर तोडलेल्या उसाचा रस आटत जातो. म्हणून तो रानातच उभा ठेवायचा आणि लागणीच्या क्रमानं, नंबरानं तोडायचा. ते नंबर संगणकावर लावायचं काम माझ्याकडं. झालं! लग्नात पंगतीला बसले तरी शेजारची बाई विचारणार, "आमची तोड कधी गं?"

आबा माझे थोरले चुलते. आमचं गाव कालव्याच्या पार शेवटाला, त्यामुळं वरच्यांचं भिजून उरलं तर आम्हाला पाणी. काकी गेल्यावर आबा एकटेच राहायचे. एकदा सरीत पाय मुरगळून पडले आणि कुणाच्या नजरेस पडेपर्यंत तिथंच पडून राहिले. तेव्हा पुण्याहून त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आला आणि त्यानं एकदाच काय ते सांगितलं. "एवढा एक हंगाम, आबा. ऊस चांगला गेला तर तुम्ही हितंच राहा, मी तोंड उघडणार नाही. न्हायतर रान वाट्यानं देऊन माझ्याकडं यायचं." आबा म्हणाले, "ठरलं." त्यांना उसाची खात्री होती. मलाही होती, खरं सांगते. असा ऊस त्या शिवारात दुसरा नव्हता.

पण त्या हंगामात तोडणीच्या टोळ्याच कमी आल्या. कालव्याचं पाणी लांबलं, बोअर आटली. नंबर पुढं सरकेनात. आबांच्या उसाला तुरा आला, म्हणजे वाढ संपली, मग पाला वाळून पाचट व्हायला लागला. कांडं हातात घेतलं तर हलकं लागायचं. मी आमच्या साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, त्यांचं सगळं त्या उसावर आहे, काहीतरी करा. साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "मॅडम, सगळ्यांनाच एक आबा असतो." असा राग आला! आणि वाईट ह्याचं, की ते खरं होतं.

नंबर तोडून पुढं जायची एकच वाट होती, जळीत. पेटलेल्या उसाचं पाचट जळतं, कांडं उभं राहतं, पण ते लवकर गाळलं नाही तर आंबतं. म्हणून नियम असा की जळीत उसाला पहिला मान. भावात थोडी कपात होते, पण तोड लगेच मिळते. नियम नडलेल्याच्या भल्यासाठी होता. आमच्या लोकांनी त्याचं काय करावं? वरच्या आळीत एकाचा ऊस "आपोआप" पेटला आणि दुसऱ्या दिवशी टोळी हजर. मग काय, रोज कुणाचं ना कुणाचं रान आपोआप पेटायला लागलं. कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही, सगळ्यांवर काजळी.

आबा चिडायचे. "आपल्या हातानं काडी लावायची अन् वर साळसूद तोंड करून सांगायचं. किडं पडतील तोंडात!" मी म्हणायचे, तुमी नका हां असलं काही करू. ते म्हणायचे, "एकानं गाय मारली म्हणून दुसऱ्यानं वासरू मारायचं व्हय?"

आणि एक दिवस दुपारी त्यांचा फोन आला. "पोरी, आपला बी जळाला. लिवून घी."

"कसा काय?"

 ते म्हणाले, "तारंची ठिणगी पडली."

गावात सकाळपासून लाईट नव्हती. जळिताच्या यादीत त्यांचं नाव टाकायला गेले. ती यादी नंबराच्या यादीहून लांब झाली होती. सगळेच पुढं घुसले तर पुढं कोण राहणार, हे फळ्यावरच्या एकाही चौकोनात लिहिलेलं नव्हतं. आबांचं नाव सगळ्यांच्या खाली गेलं. साध्या नंबरावर परत जावं म्हटलं तर जळालेला ऊस तेवढा टिकणार नव्हता. आगीतून फुफाट्यात.

टोळी आली तेव्हा रान आंबूस वासानं भरलं होतं. बायका काजळीनं माखल्या होत्या आणि करवादत होत्या, कारण जळिताला वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, राहत नाही, जनावरांना काय घालायचं? आबा त्यांच्यापुढं हात जोडून उभे होते. ट्रॉल्या भरून एकदाच्या यार्डात आल्या आणि त्याच दिवशी गव्हाणीची साखळी तुटली. कारखाना बंद. जिकडं तिकडं काळ्या उसाच्या ट्रॉल्या. आबा आपल्या ट्रॉलीच्या सावलीत बसून राहिले, घरी जा म्हटलं तरी ऐकेनात. मी डबा नेऊन द्यायचे. ते दोन घास खायचे आणि बाकीचा ड्रायव्हरला द्यायचे. मला रडू यायचं, आणि रागही यायचा, कुणावर ते कळायचं नाही.

साखळी जोडली तोवर चुलतभाऊ गाडी घेऊन यार्डातच आला होता. ट्रॉली काट्यावर चढली. घटलेलं वजन बघून काटेवाला आबांकडं न बघता म्हणाला, "घ्या पुढं." चुलतभावानंही बघितलं. तो चांगला आहे, काट्याकडं पाठ करून उभा राहिला.

आबांना गव्हाण बघायची होती. इतकी वर्षं ऊस घातला, पण आत कधी गेले नव्हते. मी त्यांना कठड्याशी नेलं. ट्रॉली कलली, काळा ऊस भसकन खाली कोसळला आणि साखळीनं ओढून नेला. धूळ बसायच्या आत जागा रिकामी झाली, मागची ट्रॉली पुढं आली.

"एवढंच व्हय?" आबा म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी हात झटकले, टोपी नीट केली आणि चुलतभावाला विचारलं, "कुठं बसू? म्होरं का मागं?"

गाडीचं दार त्यांना उघडता येईना. ते मी उघडून दिलं.