सरूबाईच्या विहिरीची पाळी

सरूबाई कुणापुढं वाकली नाही, असं चितेगावात सांगतात. ते पुरतं खरं नाही. राजकुमार नावाच्या दलालानं तिला कित्येक वर्षं वाकवून ठेवलं होतं, आणि तेही घरबसल्या, नुसत्या फोनवरून.

पण आधी विहीर सांगितली पाहिजे. पैठण रस्त्यापासून आत, ओढ्याच्या काठाला ती विहीर आहे. कंपन्यांची पत्र्याची छपरं थेट बांधापर्यंत आली, आजूबाजूच्या बोअरनी माना टाकल्या, पण ही विहीर वैशाखातही ओलीच राहिली. सरूबाई लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर चार घरांची वाटणी होती. ज्याची पाळी, त्यानं मोटर चालवायची, बाकीच्यांनी बांधावर बसून बघायचं. पाळी मोडणं हे चोरीपेक्षा वाईट. कुणाच्या घरी दुखवटा असला, कुणाचं पीक अगदीच सुकायला लागलं, तर शेजारी आपली पाळी त्याला देई. पण ती ज्याची त्यानंच द्यायची. दुसऱ्यानं घ्यायची नाही.

सरूबाई नवी नवरी असताना चुलतसासऱ्यानं एकदा तिच्या पाळीला मधेच पाण्याचा दंड फोडला आणि पाणी आपल्या मोसंबीकडं वळवलं. कडूबा, तिचा नवरा, पहिल्यापासून मऊ माणूस. तो म्हणाला, जाऊ दे, वडीलधारी माणूस आहे. सरूबाई उठली. जिथं दंड फुटला होता तिथं चिखलात जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, मान मात्र खाली घातली नाही. पाणी तिच्या पोटऱ्यांना अडून मागं फिरलं आणि आपल्या वाटेनं कांद्याच्या वाफ्यात गेलं. म्हातारा उन्हात उभा राहून बघत राहिला, मग खोरं खांद्यावर टाकून निघून गेला. नव्या नवरीला हात लावून बाजूला काढणार कोण?

पुढं भावकी पांगली. कुणी शहरात गेलं, कुणी कंपनीत लागलं. एकेक वाटा घेत घेत विहीर कडूबाकडं आली आणि त्यानं टँकर घेतला. शहराला पाणी पाहिजेच होतं. पैठणच्या धरणाचं पाणी यांच्याच रस्त्याच्या कडेनं नळातून शहराकडं जातं, तरी शहराच्या नळाला ते कधी येईल याचा भरवसा नाही. टँकर विहिरीवर भरायचा, शहरात नेऊन रिता करायचा. जनावरांना आणि रानाला ठेवून जे उरेल तेच विकायचं, ही सरूबाईची अट. टँकरच्या पाठीवर कडूबानं हौसेनं बायकोचं नाव रंगवून घेतलं. निळ्यावर पिवळ्या अक्षरात, मोठ्ठं.

नाव तिचं, पण गिऱ्हाईक राजकुमारचं. शहरातली सगळी माणसं त्याला फोन करत आणि तो कडूबाला सांगे, आज इकडं जा, उद्या तिकडं जा. कुणाला आधी, कुणाला नंतर, ते त्याच्या मर्जीवर. टँकर अर्ध्या वाटेत असला तरी त्याचा फोन येई आणि कडूबा मुकाट्यानं गाडी वळवी.

मागच्या उन्हाळ्यात सरूबाई डोळे दाखवायला शहरात निघाली आणि टँकरच्या केबिनमधेच बसून गेली. उस्मानपुऱ्यात एका गल्लीत वळता वळता फोन आला: हे राहू दे, हॉटेलवर जा. कडूबानं गाडी पुढं काढली. एका फाटकाशी रिकामे ड्रम लावून एक बाई उभी होती. भरलेला टँकर दारावरून निघून जाताना पाहून ती रस्त्यावर आली आणि तिनं मागचं नाव मोठ्यानं वाचलं. "सरूबाई म्हणे. लाज वाटायला पाहिजे नाव लिहायला." तिला काय माहीत, सरूबाई आत बसलेली आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्या दिवशी काय सांगितलं ते तिला आठवत नाही. घरी आल्यावर ती कडूबाला एवढंच म्हणाली, की एक तर टँकरवरचं नाव पुसा, नाही तर पाळी माझ्या हातात द्या.

सून सायली जवळच्याच कंपनीत कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी बघायची. सासूचं तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आई, आपलं अॅपच काढू. तिनं मैत्रिणीला हाताशी धरलं आणि कंपनीतून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर, ओट्यावर बसून दोघी ते जुळवत बसत. गावात हसू झालं. सरूबाईचं अॅप. आता म्हशीचं शेण पण फोनवरून काढ म्हणावं.

पहिल्या खेपेला सायलीनं एक चूक केली. अॅपमध्ये 'तातडीचं' असं लाल बटण ठेवलं. पहिल्याच दिवशी झाडून सगळ्यांनी तेच दाबलं. सायली कपाळाला हात लावून बसली. सरूबाई पोट धरून हसली. म्हणाली, "तहान कुणाची उद्यावर असती व्हय पोरी? ते काढ. आपल्या विहिरीचा कायदा घाल त्यात."

मग सायलीनं विहिरीचा कायदा घातला. नाव नोंदवलं की नंबर लागतो आणि तो रांगेतल्या सगळ्यांना दिसतो. टँकर कुठं आहे ते नकाशावर सरकताना दिसतं. आपला नंबर दुसऱ्याशी बदलायचा असेल तर 'माझी पाळी द्या' असं बटण आहे. पण ते ज्याची पाळी त्याच्याच फोनवर उमटतं. सरूबाईच्या फोनवर नाही, सायलीच्या नाही. पाळी मोडायचं बटण अॅपमध्ये कुठंच नाही. मालकिणीलाही रांगेत हात घालता येत नाही, आणि ही गोष्ट सरूबाई ज्याला त्याला अभिमानानं सांगे.

हळूहळू माणसं आली. आधी भीत भीत, मग शेजाऱ्याला सांगत. लोकांना कळलं, की इथं ओळख लागत नाही, आर्जवं लागत नाहीत. टँकर कधी येणार ते आधीच दिसतं म्हणून कामाची सुट्टी काढून दारात बसावं लागत नाही. कडूबाला एका गल्लीतली घरं ओळीनं मिळू लागली आणि गाडी रिकामी फिरायची थांबली. फाटकापाशी बायका त्याला ताक देऊ लागल्या. त्या फाटकवाल्या बाईंनीही नाव नोंदवलं. कालिंदीताई त्यांचं नाव, शाळेतून निवृत्त झालेल्या. सरूबाईनं स्वतः फोन करून त्यांना सांगितलं, की त्या दिवशी मी आतच बसले होते, राजकुमारनं गाडी हॉटेलाकडं वळवायला लावली. मग दोघी बराच वेळ लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलल्या.

राजकुमार हे सगळं बघत होता. टँकरवाली बाई मोबाइल धरून किती दिवस नाचते ते बघू, असं तो चहाच्या टपरीवर म्हणे. त्यानं दुसऱ्या गावचे टँकर धरले. पण यंदाच्या वैशाखात त्या गावच्या विहिरी आटल्या, आणि नेमकं शहरातल्या एका मोठ्या लग्नाचं पाणी त्यानं अंगावर घेतलेलं. तिथीच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयाच्या टाक्या कोरड्या, वऱ्हाड येऊन ठेपलेलं.

तो थेट विहिरीवर आला. टँकर भरून तयार होता. विहिरीपासून पैठण रस्त्याला जायला एकच गाडीवाट. त्या वाटेत त्यानं जीप आडवी लावली आणि किल्ली खिशात टाकली.

"मावशी, ही खेप कार्यालयावर जाईल," तो म्हणाला.

"तुझा नंबर कितवा?" सरूबाईनं विचारलं.

"मला नंबर लागतो व्हय आता?"

"सगळ्यांलाच लागतो."

त्यानं तिला समजावलं. मग पैशाचं आमिष दाखवलं. मग धमकावलं, की आज अडवलं तसं रोज अडवीन, टँकर या शिवारातून बाहेर पडायचा नाही, तुझं ते अॅप पावसाळ्यापर्यंत टिकायचं नाही. कडूबा टायरपाशी उभा होता. हलक्या आवाजात म्हणाला, एक खेप दे की, लग्नघर आहे, कशाला वैर.

"वैर नाय," सरूबाई म्हणाली. "पाळी हाय. एकदा मोडली की मग ती पाळी राहत नाय, नुसतं पाणी राहतं. पाणी तर लई जणांकडं हाय."

तिला पुरतं ठाऊक होतं. आज टँकर वळला तर शहरातल्या घराघरात तो वळताना दिसेल. ती माणसं पुन्हा राजकुमारला फोन लावतील, आणि पाठीवरचं नाव पुन्हा शिव्यांचं होईल.

एव्हाना लोकांना दिसतच होतं. नकाशावरचा टँकर विहिरीपाशी हलत नव्हता. सायली कामावर, तिला फोन लागेना. सरूबाईनं आपला फोन घेतला. रांगेतल्या सगळ्यांना बोलून निरोप देता येईल अशी सोय सायलीनं सासूसाठी मुद्दाम केली होती. सरूबाईनं फोन तोंडाशी धरला आणि शांतपणे सांगितलं, "सरूबाई बोलते. टँकर भरून उभा हाय. राजकुमारनं वाटेत जीप आडवी लावली. नंबर कुणाचाच बदलला नाय, बदलणार नाय. उशीर झाला तर बोल त्याला लावा, मला नाय."

राजकुमार हसला. मग त्याचा फोन वाजला. त्यानं घेतला, ऐकला, बंद केला. पुन्हा वाजला. त्याचा नंबर शहरात कुणाकडं नव्हता? एकेका घराला त्यानंच तो पाठ करायला लावला होता. ज्या फोनवर लोकांना तिष्ठत ठेवलं, तोच फोन आता त्याला श्वास घेऊ देईना. कुणी म्हातारं माणूस होतं, कुणाच्या घरी बाळंतीण होती, कुणी सरळ शिव्या घालत होतं. मधेच कार्यालयातून मुलीच्या बापाचा फोन येत होता आणि तोच नेमका लागत नव्हता. राजकुमार घामानं डबडबला. त्यानं फोन बंद करून पाहिला, पण बंद फोन घेऊन तो लग्नाला तोंड तरी काय दाखवणार? पुन्हा सुरू केला, आणि पुन्हा तेच.

शेवटी त्यानं जीप मागं घेतली. टँकरला वाट मोकळी झाली. तो खाली उतरून उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज उतरला. म्हणाला, मावशी, माझं सोडा. वऱ्हाडाला हात धुवायला पाणी नाही.

सरूबाई म्हणाली, "मग नंबर लाव. आन् पुढच्याला माग. ज्याची पाळी, तोच देईल."

त्यानं तिथंच, बाभळीखाली उभं राहून, हसं झालेल्या त्या अॅपात नाव नोंदवलं. नंबर सगळ्यात शेवटचा लागला. पहिला नंबर कालिंदीताईंचा. सरूबाईनं त्यांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

"कोण राजकुमार?" कालिंदीताईंनी विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

त्यानं सांगितलं. लग्नाचं सांगितलं.

"तुमचा नंबर कितवा?"

"शेवटचा."

"आणि माझा?"

"पयला." हे म्हणताना त्यानं मान वळवली, कडूबाला तोंड दिसू नये म्हणून.

कालिंदीताई म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात हॉटेलासाठी एवढंच विचारलं असतं ना, तर तेव्हाही दिली असती. लग्नाला देते. तुम्हाला नाही." आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं राजकुमारच्या फोनवर त्याचा नंबर वर सरकला आणि कालिंदीताईंचा शेवटी गेला. सगळ्या रांगेला तो दिसला, आणि तो का सरकला हेही दिसलं: 'पाळी दिली.'

सरूबाई चप्पल घालून केबिनमध्ये चढली. कडूबानं विचारलं, तू कुठं? ती म्हणाली, चला तुम्ही.

कार्यालयाची वाट उस्मानपुऱ्यातूनच जाते. त्या गल्लीत टँकर वळला तेव्हा ऊन अगदी डोक्यावर आलं होतं. फाटकाशी तेच रिकामे ड्रम आणि तीच बाई. भरलेला टँकर तिच्या दारावरून पुन्हा पुढं निघाला होता. कडूबानं सवयीनं मान खाली घातली. सरूबाईनं काच खाली केली, खांद्यापर्यंत बाहेर वाकली आणि हात जोडले नाहीत, नुसता एक हात उंच केला. कालिंदीताईंनी चौकातल्या पोलिसासारखा तळहात दाखवून टँकर थांबवला. सरूबाईकडं डोळे भरून पाहिलं. मग हात आडवा फिरवून ऐटीत वाट मोकळी केली.

"जा. संध्याकाळी मात्र माझाच नंबर."

"तुमचाच," सरूबाई म्हणाली. मागून राजकुमारची जीप येत होती. निळ्यावरची पिवळी अक्षरं त्याला पुऱ्या वाटभर समोर दिसत होती, आणि गल्ली इतकी अरुंद, की ओलांडून पुढं जायला जागा नव्हती.