शेवटचा ळ

शिक्रापूरकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसलो की मी "माळ" म्हणून सांगतो. ड्रायव्हर दर वेळी म्हणतो, "आबा, मॉल म्हणा."

"माळ."

"आन् मॉलात काय घेणार? जीनची प्यांट?"

"तुला येसण घेतो," मी म्हणतो. मागचे लोक हसतात. मग तो बरोबर तिथंच उतरवतो. म्हंजी त्याला कळतं. कळत असून माणूस दुसरं बोलतो, त्याचा मला राग येतो.

माळ आमच्या मालकीचा कधीच नव्हता, हे आधी सांगतो. नाहीतर लोकांना वाटतं म्हातारा जमीन गेली म्हणून रडतोय. माळ गावातल्या बागायतदारांचा. तिथं पिकत काही नव्हतं, म्हणून आमच्या मेंढरांना कुणी आडकाठी केली नाही. सुगी झाली की मी आणि आमची मंडळी मेंढरं घेऊन तिथं यायचो, रात्रीसाठी त्यांच्याभोवती जाळी लावायचो, लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडायचो. त्याच लिंबाखाली आमची एकुलती एक लेक जन्मली. आता ती दौंडला असते, जावई रेल्वेत आहे. लहानपणी तिला कुणी गाव विचारलं की ती "माळ" म्हणायची. लोक हसायचे, पण ती काही बदलायची नाही. माझ्यावर गेली होती.

मेंढरं विकून तळेगावात घर केलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. पुढं एकदा माळावर तीन पायांची दुर्बीण घेऊन माणसं आली. मग चारी बाजूंनी पत्रे लागले. पत्र्याच्या फटीतून आम्ही दोघं नवरा-बायको बघायचो. पहिल्यांदा तिथले काळे दगड ट्रकात भरून नेले. मग दुसरीकडचे दगड ट्रकात भरून आणले आणि घासूनपुसून खाली बसवले. आमचं गवत उपटलं, विकतचं लावलं. दुकानं उभी राहिली, काचा बसल्या, पण छप्पर काही चढेना. मी म्हणालो, पैसा संपला वाटतं. तर एका गवंड्यानं सांगितलं, "छप्पर नाहीच आजोबा. हा मॉल उघडाच ठेवायचा. मोठ्या लोकांना वारा आवडतो."

"मंग आपण इतकी वर्सं मोठी मान्संच हुतो की वो!" मंडळी म्हणाली, आणि घरी येईस्तोवर हसत राहिली.

मॉल उघडायच्या आधीच ती गेली. माळाला माळ म्हणणारा घरात मी एकटा राहिलो. लेक रोज संध्याकाळी फोन करते. "आबा, इकडं येऊन ऱ्हावा." मी जात नाही. जावयाच्या दारात मी राहत नसतो. पण एवढं मी धरून चाललो होतो की जग काहीही म्हणू दे, लेक माळच म्हणणार.

मॉलाच्या आत जायचं नाही असं बरेच दिवस ठरवलं होतं. नुसता बाहेरून लिंब बघून परत यायचो. परवा मात्र फाटकावरची नवी पाटी वाचली आणि राहवलं नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो. क पासून निघालो तो ळ पर्यंत कसाबसा पोचलो आणि मेंढरांमागं गेलो. त्यामुळं ळ माझा पक्का आहे. पाटीवर मा च्या डोक्यावर चंद्रकोर काढली होती आणि शेवटी ळ च्या जागी ल.

पहारेकरी परमुलखातला होता. "बाबा, किधर जाना है?"

"माळावर. आन् तुमची पाटी चुकलीय. शेवटी ळ पायजे."

"हाँ हाँ, मॉल. यही है. जाइए." मग माझ्या हातातल्या भाकरीच्या फडक्याकडं बघून म्हणाला, "बाहर का खाना अंदर नहीं खाने का."

"खात न्हाई. संगट ठिवतो."

लिंब तोच होता. बुंध्याला बारके दिवे गुंडाळले होते आणि भोवती दगडाचा गोल ओटा. आमची चूल होती त्या बाजूला मी बसलो. आजूबाजूला पुष्कळ माणसं होती, ज्याचा त्याचा फोन आणि जो तो. माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.

दिवस कलला तसा माझा फोन वाजला.

"आबा, कुठं हाय तुमी?"

"माळावर."

"अगं बाई! मॉलला गेलात? कवाधरनं म्हणणार हुते, जाऊन या म्हणून. कुणासंगं?"

"एकटाच."

"किती वारं हाय वो. निस्तं फरफर ऐकू येतंय."

"माळावर वारं असायचंच."

"व्हय, उघडाच हाय ना तो मॉल. फोटोत बघितलाय मी. रविवारी आमी बी येतो, पोरांस्नी दाखवायचाय."

मी बुंध्याला हात टेकला. "बाय, मी मॉल न्हाई म्हणलो. माळ म्हणलो. आपला माळ. लिंबाखाली बसलोय."

"तेच ते, आबा." तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली. "ठिवते."

"तेच न्हाई," मी म्हणालो. तोवर फोन बंद झाला होता.

झाडावरचे दिवे लागले. मी फडकं सोडलं आणि तिथंच भाकरी खाल्ली. कुणी आडवं आलं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही.